डोळ्यात गेलेली कणी

डोळे मिटा. उघडाल तेव्हा विरार मागे पडलेलं असेल आणि तुम्ही वाफेच्या इंजिनाच्या शटलमध्ये असाल. बसायला जागा शोधू नका, नाहीच आहे. सफाळ्याच्या भाजीवाल्या मुंबईत माल खपवून परतताहेत. रिकाम्या टोपल्या एकात एक, त्यांवर पोरं, पोरांवर गाठोडी. घाम, सुकट, तंबाखू आणि सुकलेला गजरा यांचा मिळून एकच वास तुमच्या नाकाशी उभा आहे.

वैतरणेचा पूल आला. लोखंड धडधडायला लागतं, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. खाडीचा वारा खायला तुम्ही मान खिडकीबाहेर काढता. काढू नका म्हणणारच होतो! धुराड्यातून उडालेली कोळशाची कणी थेट डोळ्यात.

"चोळू नकोस रे बाळा!" समोरची आजी ओरडते. तुमची हनुवटी धरून तांब्यातलं पाणी डोळ्यावर सोडते. कणी वाहून जाते, पण पापणी मिटली की टोचतंच. टोचते ती आता कणी नाही, तिने बुबुळावरच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, काढलेला ओरखडा.

सफाळ्याला उतरून तांदुळवाडीचा डोंगर तुम्ही एकाच डोळ्याने बघता. बैलगाडी हिसके देत घरी पोचवते. ओटीवर अर्धा गाव जमतो. कुणी एरंडेल सुचवतं, कुणी बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब. काही घालून घेऊ नका. जखमेत जंतू जायचे. कंदील विझवा आणि सारवलेल्या जमिनीवर आडवे व्हा.

झोप येत नाही ना? डोळ्यातून पाणी गळतंय, कणगीत उंदीर भात कुरतडतोय. तर मग आत चला, ओरखड्याच्या काठाशी. इथला वरचा थर पाच-सहा पेशींचा, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा जाड. रक्तवाहिनी एकही नाही. तरी काठावरच्या पेशी चपट्या होऊन उघड्या जागेवर सरकू लागल्यात. त्यांना उठवलं कुणी? अश्रूंतल्या ईजीएफ नावाच्या प्रथिनाने. ते पेशीच्या दारावरच्या रिसेप्टरला चिकटतं. या रिसेप्टरचं आतलं टोक म्हणजे प्रोटीन कायनेज: ते आतल्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं आणि निरोप पुढे जातो, 'चला, सरका!'

हे कळलं ते उंदरांमुळेच. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. दोन आठवड्यांनी उघडायचे ते डोळे सातव्या दिवसाच्या सुमारास उघडले. त्या अर्कातून ईजीएफ सापडलं. 1986 साली कोहेन नोबेलचे मानकरी झाले. उंदरांची एक जातही आहे, केस नागमोडी, मिशा कुरळ्या. जनुकातल्या एका चुकीने तिच्यात हेच कायनेज मंद असतं. तिच्या कॉर्नियावरची जखम भरते, पण रेंगाळत.

तुमचं कायनेज मात्र रात्रभर राबलंय. कोंबडा आरवतो, चुलीचा धूर ओटीवर येतो आणि डोळा उघडतो. टोचणं जवळपास गेलेलं! पाण्याची आजी, एरंडेलवाले काका, दूधवाली मामी, सगळे श्रेय घ्यायला हजर. घेऊ द्या. उंदराचं नाव मात्र इथे काढू नका. रात्रीत त्याने कणगीतल्या भातावर ताव मारलाय.