‘अनुशेष’ : एका प्रशासकीय संज्ञेचा इतिहास

महाराष्ट्रातील प्रादेशिक विषमतेच्या चर्चेत ‘अनुशेष’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की, विषमता आणि अनुशेष या दोन गोष्टी एकच होत, अशी समजूत दृढमूल झालेली दिसते. वस्तुतः विषमता जुनी आहे, संज्ञा अलीकडची.

विषमतेची मुळे तीन भिन्न राजवटींत आहेत. मुंबई इलाख्याच्या अवर्षणग्रस्त भागात ब्रिटिश सरकारने मुठा, नीरा, प्रवरा या नद्यांचे पाणी कालव्यांनी खेळविले. दुष्काळनिवारणार्थ आणलेल्या या पाण्यावर पुढे ऊस पिकला आणि १९५० नंतर त्या उसावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला. वऱ्हाडची कथा याहून निराळी. १८५३ पासून इंग्रजी कारभारात असलेला हा कापसाचा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपन्न गणला जात असे. काळ्या कसदार जमिनीचा प्रदेश मागे पडावा आणि दुष्काळी पट्ट्याचा काही भाग पुढे जावा, ही घटना दारिद्र्याचे कारण केवळ भूगोलात शोधणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरविण्याची हमी दिली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विकास मंडळांची व निधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद झाली. मात्र न्याय्य वाटा मोजावयाचा कसा, याचे उत्तर या दोहोंत नव्हते.

ते उत्तर १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने दिले. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांत राज्याची सरासरी काढावी, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजावी आणि ती भरून काढण्याचा खर्च रुपयांत मांडावा, ही तिची पद्धती होय. १९८४ च्या अहवालानुसार एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा ठरला : विदर्भ १,२४६.५५, मराठवाडा ७५०.८५ आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी. ‘पुढारलेल्या’ म्हणविल्या जाणाऱ्या विभागाकडे एक-तृतीयांशाहून अधिक अनुशेष निघावा, हे अनेकांना रुचले नाही. परंतु एकक जिल्हा धरल्यावर दुसरे काही निघणे शक्य नव्हते.

येथे एक विसंगती नजरेत भरते. याच दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतीय दारिद्र्याचे मोजमाप केले, तेव्हा माणशी दररोज २,२५० उष्मांक हा निकष घेतला होता. तेथे मोजला गेला माणसाचा घास. येथे मोजली गेली शासनाची कामे. समितीच्या कार्यकक्षेचा विचार करता हे स्वाभाविक असले, तरी त्याचा परिणाम दूरगामी झाला. जिल्ह्यात कालवा किती लांबीचा, हे अनुशेषाने सांगितले. त्याचे पाणी कोणाच्या शेतात गेले, हे सांगितले नाही.

१९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ चा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचा भाग ६,६२४.०२ कोटींचा होता. दहा वर्षांत विषमता चौपटीहून वाढली, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. या काळात किंमती वाढल्या आणि सरासरीही स्थिर राहिली नाही. तथापि एकूण अनुशेषातील विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला, ही गोष्ट केवळ भाववाढीने उलगडत नाही.

२०१३ च्या केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे दृष्टी वळविली, ती उशिरा का होईना योग्य होती. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात राज्यातील सुमारे १५ टक्के लोक दरिद्री ठरले, तर नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. हा जिल्हा विदर्भात नाही, मराठवाड्यातही नाही. तेथील अक्कलकुवा व धडगाव आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाट हे सातपुड्याच्या एकाच रांगेतले आदिवासी मुलूख; अनुशेषाच्या हिशेबात मात्र पहिले दोन ‘उर्वरित महाराष्ट्रा’च्या खात्यावर आणि तिसरा विदर्भाच्या.