वळिवड्याची शाळा आणि बालाचडीची वर्गणी : महायुद्धातील पोलिश मुलांची कहाणी

१) युद्धात घर, देश आणि बहुधा आईवडीलही गमावलेल्या मुलाला भेट द्यायची झाली, तर काय द्यावे? दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत हा प्रश्न हिंदुस्थानातील दोन संस्थानांपुढे उभा राहिला. एक काठेवाडातील नवानगर, दुसरे आपले कोल्हापूर. आजचा धागा त्या प्रश्नाच्या उत्तराविषयी.

२) आधी पार्श्वभूमी. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखांत हद्दपार करण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी कुटुंबेच्या कुटुंबे संपली. जी मुले उरली, त्यांतील अनेकांची रवानगी अनाथाश्रमांत झाली.

३) जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. कैदेतील पोलिश नागरिकांची सुटका झाली, जनरल आन्देर्स यांच्या नेतृत्वाखाली सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्या आश्रयाने निघालेले नागरिक, असे सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणमध्ये पोहोचले. सैनिक रणभूमीकडे गेले. स्त्रिया आणि मुले कोठे जाणार?

४) मुलांच्या एका तुकडीची वाट मात्र वेगळी होती. सोव्हिएत प्रदेशातील पोलिश निर्वासितांसाठी मदतीचे सामान घेऊन हिंदुस्थानातून मालमोटारी गेल्या होत्या. परतताना त्या अश्गाबातहून मुले घेऊन आल्या. मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा तो खडतर मार्ग. १९४२ च्या वसंतात दीडशेहून अधिक मुले मुंबईत उतरली आणि काही काळ वांद्र्याला राहिली. पोलंडची लोकप्रिय गायिका हांका ओर्दोनुव्ना हीसुद्धा या मुलांच्या सोबत होती.

५) मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी मदतीसाठी धावाधाव केली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी तेव्हा नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर होते. जामनगरपासून जवळ, बालाचडी येथे समुद्रकाठच्या आपल्या उन्हाळी प्रासादाशेजारी त्यांनी मुलांसाठी वसाहत उभारून दिली. जुलै १९४२ मध्ये मुले तेथे राहावयास गेली. क्रिकेटवीर रणजितसिंहजी यांचे हे पुतणे व वारस.

६) येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. बालाचडीचा खर्च इंग्रज सरकारने उचलला नव्हता. तो मुख्यतः वर्गणीतून चालला. पोलिश मुलांसाठी निधी उभारण्यात आला आणि त्यात अनेक संस्थानिकांनी, टाटांसारख्या उद्योगपतींनी भर घातली. गुलाम देशातील लोकांनी दुसऱ्या एका पराधीन देशाच्या लेकरांसाठी झोळी फिरवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

७) जामसाहेबांनी मुलांना दिलेला दिलासाही प्रसिद्ध आहे. यापुढे तुम्ही अनाथ नाही, नवानगरची प्रजा मला बापू म्हणते, तेव्हा मी तुमचाही बापू, अशा आशयाचे ते बोलले. आठवणींत पालकाचा एक गमतीदार किस्साही येतो. मुलांनी पालकाच्या भाजीविरुद्ध संप पुकारला. बापूंच्या कानी ते गेले आणि पालक ताटातून हद्दपार झाला. सत्तेचा इतका निरुपद्रवी वापर इतिहासात क्वचितच सापडेल.

८) आता कोल्हापूर. वळिवडे येथील वसाहत १९४३ मध्ये सुरू झाली आणि तेथील लोकसंख्या सुमारे ५,००० पर्यंत गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. जागा कोल्हापूर संस्थानातील. खर्चाची जबाबदारी मात्र लंडनच्या पोलिश सरकारची. म्हणजे बालाचडी दानावर उभी होती, वळिवडे राज्यव्यवस्थेवर. दोन्ही वसाहतींची सरमिसळ अनेक लेखांत होते, ती टाळावी.

९) वळिवड्यात चर्च होते, रुग्णालय होते, रंगमंच होता, अनाथाश्रम होता. पण वसाहतीचा प्राण होता तो शाळांत. बालवाडीपासून माध्यमिक विद्यालयापर्यंत सारे शिक्षण पोलिश भाषेत चाले. आसपासच्या व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटली आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता पोलिश आत्मसात केली. नाताळची नाटके, राष्ट्रीय सणांचे संचलन, बालवीरांची शिबिरे यांनी शाळेचे वर्ष भरलेले असे. बालवीर चळवळीला वळण लावणाऱ्यांत झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हे होते. कोझेल्स्कच्या सोव्हिएत युद्धबंदी छावणीतील बहुतेक अधिकारी कातिनच्या हत्याकांडात मारले गेले. त्यातून वाचलेल्या थोडक्यांपैकी हे एक. पुढे ते धर्मगुरू झाले.

१०) अशा शाळेला भेट कोणती हवी? खाऊ आणि खेळणी हवीतच; पण त्याहून मोठी टंचाई होती पुस्तकांची. व्यापलेल्या पोलंडमध्ये पोलिश लोकांच्या माध्यमिक आणि उच्च शिक्षणावर जर्मनांनी बंदी घातली होती, तेव्हा मायदेशातून पुस्तके येणे अशक्य. निर्वासितांच्या शाळांत शिक्षकांना स्मरणातून धडे सांगावे लागत आणि मुले ते उतरवून घेत. हळूहळू पॅलेस्टाइनमध्ये, विशेषतः जेरुसलेमला, पोलिश पाठ्यपुस्तके छापली जाऊ लागली. ज्या मुलाचा देश नकाशावरून पुसला जात होता, त्याच्या हाती आपल्या भाषेचे पुस्तक येणे ही केवळ शैक्षणिक सोय नव्हती.

११) या कहाणीचा दुसरा पदरही पाहिला पाहिजे. वळिवडे वसले त्याच १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात सुमारे ३० लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. मग परदेशी मुलांना आसरा आणि घरची मुले उपाशी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचा रोख निर्वासितांकडे वळवणे अन्यायाचे ठरेल. बंगालचे अन्न या मुलांनी खाल्ले नव्हते. त्या दुष्काळामागे युद्धकाळातील धोरणे, महागाई, साठेबाजी आणि सरकारची अक्षम्य दिरंगाई होती. दोन्ही सत्ये एकाच वर्षाची आहेत आणि ती एकत्रच वाचली पाहिजेत.

१२) युद्ध संपले, तरी मुलांची वणवण संपली नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वॉर्सात आता कम्युनिस्टांचे वर्चस्व होते आणि ज्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली, त्यांना परतायला घरच उरले नव्हते. अनाथ मुलांना सक्तीने परत धाडले जाऊ नये म्हणून जामसाहेब, छावणीप्रमुख फादर प्लुता आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी त्यांना सामूहिकरीत्या दत्तक घेतल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली, उरलेली मुले वळिवड्यास आली. १९४८ पर्यंत तीही वसाहत रिकामी झाली. कोणी ब्रिटनला गेले, कोणी अमेरिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला, तर काही पोलंडला परतले.

१३) ऋणाची परतफेडही झाली, आणि तीही शाळेच्याच रूपाने. वॉर्सातील एका शाळासमूहाने जामसाहेबांचे नाव धारण केले आणि शहरातील एका चौकाला 'भल्या महाराजांचा चौक' असे नाव मिळाले. वळिवड्याच्या स्मृतीसाठीही वॉर्सात स्मारक आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा आहे. बालाचडीच्या जागी आज सैनिकी शाळा भरते.

१४) आणि वळिवड्याच्या त्या बराकी? फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबे तेथे राहावयास आली आणि त्यांतूनच आजचे गांधीनगर उभे राहिले. एका देशाच्या निर्वासितांनी रिकामे केलेले छप्पर दुसऱ्या निर्वासितांच्या डोक्यावर आले. कोल्हापूरला गेलात, तर अंबाबाईचे दर्शन आणि रंकाळा झाल्यावर महावीर उद्यानातील तो स्तंभही पाहून या.

(धागा समाप्त)