गुरांचे जंत आणि त्यांवरील औषधें

बदलापूर या नांवाविषयीं एक लोकप्रवाद आहे. मराठ्यांच्या स्वाऱ्या या वाटेनें जात, तेव्हां थकलेलीं घोडीं येथें बदलीत, म्हणून हें बदलापूर! प्रवाद खरा असो वा नसो, जनावर बदलून घेणें शिलेदारास परवडत असे. शेजारच्या सोनिवलीसारख्या गांवच्या कुळास तें कधींच परवडलें नाहीं. त्याची बैलजोडी एकच. ती चिखलणीच्या वेळीं बसली, कीं वर्षाचें भात गेलेंच. म्हणून गुरांच्या पोटांतील जंत हा विषय कोणास किळसवाणा वाटला, तरी उल्हास नदीच्या खोऱ्यांत तो पोटापाण्याचा विषय होता, हें प्रथमच सांगून ठेवतों.

पळसपापडी, वावडिंग व कपिला हीं आपल्याकडचीं जुनीं कृमिघ्न औषधें. परंतु औषधांहून मोलाचा आहे तो त्यामागील विचार. चरकसंहितेच्या विमानस्थानांत कृमींवर तिहेरी उपाय सांगितला आहे: कृमि बाहेर काढावे, ते ज्या स्थितींत वाढतात ती मोडावी, आणि ज्या कारणांनीं ते होतात तीं टाळावीं. हें विवेचन माणसांच्या रोगासंबंधीं आहे. पण गुरांच्या बाबतींतहि तें किती लागू पडतें, तें पुढील हकीकतीवरून दिसेल.

भातखाचरांच्या मुलखांत गुरांचा मोठा वैरी म्हणजे यकृतांत राहणारा, पानासारखा चपटा कृमि. जनावर खंगतें, दूध आटतें, जबड्याखालीं सूज लोंबूं लागते. १८७९-८० सालीं याच्याच एका भावंडानें इंग्लंडांत सुमारें ३० लाख मेंढ्या मारल्या. तेव्हां ऑक्सफर्ड येथें टॉमस व जर्मनींत लॉयकार्ट यांनीं १८८१ ते १८८३ च्या दरम्यान, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, त्याचें जीवनचक्र उलगडलें. शेणांतून अंडीं पाण्यांत जातात. त्यांतून निघालेला जीव गोगलगाईंत शिरतो, तेथें त्याची संख्या अनेक पटींनीं वाढते, आणि मग तो बाहेर पडून गवतास चिकटून बसतो. तें गवत गुरानें खाल्लें, कीं फेरा पुरा झाला!

आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. पण खात्रीचीं औषधें हातीं येण्यास बराच काळ जावा लागला. १९२१ सालीं अमेरिकेंत मॉरिस हॉल यांनीं कुत्र्यांच्या आंकडेकृमींवर कार्बन टेट्राक्लोराइड वापरून दाखविलें. त्या द्रव्यानें जंत मरत, पण जनावराच्या यकृतासहि तें विष होतें. १९३८ सालीं फेनोथायझीन आलें. १९६१ सालीं थायाबेंडाझोल निघालें आणि आतां जंतांचें राज्य संपलें असें वाटूं लागलें. परंतु १९६४ सालींच त्यास न जुमानणारे मेंढ्यांचे जंत आढळले. १९८१ सालीं बाजारांत आलेल्या आयव्हरमेक्टिनाचें मूळ जपानांतील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जंतूंत होतें. त्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्बेल यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि गंमत पाहा: गोल जंतांवर रामबाण ठरलेलें हें औषध आमच्या खाचरांतील चपट्या कृमीपुढें निरुपयोगी आहे! त्यासाठीं ऑक्सिक्लोझानाइड, ट्रायक्लाबेंडाझोल अशीं निराळींच औषधें लागतात.

यावरून आम्हीं काय समजावें? औषध तिहेरी उपायांपैकीं पहिलें काम करतें, आणि तेंहि कांहीं काळच. औषध दिलेलें गुरूं पुन्हां त्याच डबक्याकांठीं चरलें, तर पैसा वायां गेला. वारंवार अदमासानें औषध पाजलें, तर औषधास न भिणारे जंत तेवढे शिल्लक उरतात. पाणथळ कांठ टाळणें, शेणखत नीट कुजूं देणें, ओल्या बुंध्याऐवजीं पेंढ्याचा वरचा कोरडा भाग चारणें, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें योग्य वेळीं योग्य औषध देणें, हे उपाय दिसण्यास साधे आहेत. पण तिसरी आज्ञा पाळली जाते ती यांतच. रोग काढण्यापेक्षां त्याची वाट अडविणें स्वस्त पडतें. आणि ज्याच्या दावणीस एकच जोडी आहे, त्यास तर दुसरा मार्गच नाहीं.