कागलचा दोर आणि लुगड्याची पट्टी

कोल्हापूरच्या दक्षिणेस दूधगंगेच्या खोऱ्यात वसलेला कागल हा कसबा इतिहासग्रंथांतून भेटतो तो घाटग्यांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून, आणि १८८४ साली या घराण्यातला यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन पुढे शाहू छत्रपती झाला म्हणून. परंतु मोटेच्या नाड्यावर आणि बायकांच्या डोईवरच्या चुंबळीवर जे कागल चालत होते, त्याची बखर लिहिण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

त्या कागलात दोर हा केवळ बाजारचा जिन्नस नव्हता, हक्काचा व्यवहार होता. बारा बलुत्यांत गणना होणाऱ्या मातंगाने, म्हणजे जुन्या दफ्तरांतल्या मांगाने, कुणब्याला मोटेचा नाडा व सोंदूर, बैलांचे कासरे, दावी, मुसकी आणि बेंदराच्या सणाला नव्या म्होरक्या पुरवाव्या व सुगीला खळ्यावर येऊन आपले धान्य न्यावे, ही सालाबादची वहिवाट. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ ग्रंथात बलुत्याच्या या देवघेवीचे विस्तृत विवेचन आहे. अंबाडीच्या पेंढ्या डबक्यात दगडाखाली कुजत घालून साल सोलली, धुऊन वाळविली, की वाख निघे. एकाने टोक धरून मागे मागे सरकावे, दुसऱ्याने पीळ भरावा, आणि असे तीन पदर उलट पिळाने एकमेकांत बसले म्हणजे भरल्या मोटेचा भार पेलणारा नाडा सिद्ध होई. एवढा भरवसा ज्यांच्या हातांवर, त्यांची वस्ती मात्र गावकुसाबाहेर ठेवताना या व्यवस्थेला कधी संकोच वाटला नाही. मोटेवरच्या कष्टाचे जिणे कसे होते, हे ज्यांना जाणून घ्यायचे त्यांनी कागलच्याच आनंद यादवांचे १९८७ सालचे ‘झोंबी’ वाचावे.

नाडा झिजला तरी फेकला जात नसे. त्याचे तुकडे घरात येत, आणि तेथून पुढचा इतिहास बायकांचा. दोराला जोड लागे कापडाची, आणि इचलकरंजी कागलपासून जवळच. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे त्या गावचे कापड पंचक्रोशीत पसरले. विरलेल्या लुगड्याची दोन बोटे रुंद पट्टी फाडायची, ती दोरावर तिरपी गुंडाळत न्यायची, दोराचा वेढा घालायचा आणि दाभणाने शेजारचे दोन वेढे एकत्र टाचायचे. गोल बुडाची घागर डोक्यावर ठरावी म्हणून केलेली ही चुंबळ. तोच वेढा जमिनीवर सपाट वाढवत नेला की पायपुसणे किंवा बसकर होते, प्रत्येक फेऱ्यास कड किंचित उचलली की टोपली होते. वेढ्यावर वेढा टाचून टोपली करण्याची ही कृती प्राचीन मिसरातही होती, तेव्हा तिचे पेटंट कागलने मागू नये. पण दोर गावकुसाबाहेरचा आणि चिंधी माजघरातली, असा जोड मात्र आमच्याकडचाच. दोराला बलुते होते म्हणून त्याची नोंद राहिली. शिवणाऱ्या बाईला ना हक, ना मामूल, म्हणून तिचा दाखला दफ्तराच्या कोणत्याच रुमालात सापडावयाचा नाही.

पुढे तेलाची इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली, तिच्यामागोमाग नाडा गेला. नळ आल्यावर चुंबळीचेही काम उरले नाही. बेंदराच्या बाजारात आता रंगीत नायलॉनचे कासरे टांगलेले असतात. ते कुजत नाहीत, स्वस्तही पडतात. पण गुळगुळीत असल्याने त्यांवर कापडाची पट्टी सरकते, आणि म्हणून पायपुसणी, टोपल्या अजून शिवणाऱ्या बायका दुकानातून निराळी सुती दोरी मागून घेतात.