संदर्भाची खूण आणि साधा मजकूर : वऱ्हाडच्या ग्रंथपरंपरेच्या आधारे एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संशोधकाने केलेले विधान वाचकाला स्वतः तपासून पाहता यावे, हे संदर्भ देण्यामागील मूळ प्रयोजन होय. संगणकावर लेखन रूढ झाल्यानंतर मात्र संदर्भ हा तळटीपेच्या आकाराचा, टंकाचा व पृष्ठरचनेचा विषय समजला जाऊ लागला. याउलट साध्या मजकूर-संपादकात, म्हणजे नोटपॅडसारख्या केवळ अक्षरे साठविणाऱ्या साधनात, ठळकपणा नसतो, टंक नसतो आणि पृष्ठही नसते. तेथे लेखन करणाऱ्यास संदर्भ हा मांडणीपासून वेगळा करूनच हाताळावा लागतो. ही पद्धती गेल्या सुमारे पन्नास वर्षांत विकसित झाली असली, तरी तिच्यामागील तत्त्व वऱ्हाडच्या ग्रंथपरंपरेस अपरिचित नाही. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला या जिल्ह्यांशी निगडित ग्रंथांच्या आधारे त्या तत्त्वाचा विचार केला आहे.

रिद्धपूरची परंपरा

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव संप्रदायाचे महत्त्वाचे स्थान आहे. म्हाइंभटांनी येथे सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'चा काळ परंपरेने शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानला जातो. ज्यांनी चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिले व ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या, असे संप्रदायाचे ग्रंथ सांगतात. कोणतीही आठवण साक्षीदारावाचून स्वीकारावयाची नाही, हा दंडक येथे दिसतो.

पुढे केशिराजबासांनी चक्रधरांची वचने लीळांमधून वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला. वचन प्रसंगापासून सुटे झाले की त्याचा अर्थ संदिग्ध होतो. ही उणीव 'प्रकरणवश' या ग्रंथाने भरून काढली. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले गेले, हे त्यात सांगितले आहे. एका ठिकाणी संक्षिप्त वचन, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या उगमाची नोंद आणि या दोहोंना जोडणारी खूण, अशी ही व्यवस्था आहे. ती पृष्ठक्रमांकावर अवलंबून नव्हती. पोथी कोणीही, कोणत्याही आकाराच्या पानांवर उतरून घेतली, तरी सूत्र व प्रसंग यांचा संबंध कायम राहत असे.

मुद्रित आवृत्त्यांच्या काळात मात्र वेगळा प्रश्न निर्माण झाला. 'लीळाचरित्रा'ची ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांची संपादने भिन्न काळांत प्रसिद्ध झाली. कोलते यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केली. या संपादनांतील लीळांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत. त्यामुळे 'लीळाचरित्र, पूर्वार्ध' एवढे लिहून केवळ लीळेचा क्रमांक देणाऱ्या लेखाचा वाचक, हाती दुसरे संपादन असल्यास, भलत्याच लीळेपाशी पोहोचतो. संपादकाचे नाव व प्रकाशनवर्ष नसलेला क्रमांक हा अर्धाच संदर्भ होय.

गॅझेटिअर आणि बदलते जिल्हे

अर्ध्या संदर्भाचा परिणाम आर्थिक इतिहासाच्या लेखनात अधिक गंभीर होतो. ए. सी. लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर १९१० मध्ये व अमरावतीचे १९११ मध्ये निघाले. महाराष्ट्र शासनाच्या सुधारित आवृत्त्या अनुक्रमे १९७७ व १९६८ मधील आहेत. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यात आले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत समाविष्ट झाला, वाशिम जिल्हा मोडला आणि कापसाची मोठी बाजारपेठ असलेले खामगाव अकोल्यातून बुलढाण्यात गेले. पुढे १९९८ मध्ये वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला.

म्हणून 'अकोला जिल्हा गॅझेटिअर' असा वर्षाविना दिलेला संदर्भ केवळ अपूर्ण नसतो. त्यावरून काढलेला कापसाच्या क्षेत्रातील वाढीचा वा घटीचा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो, कारण ज्या दोन 'अकोल्यां'ची तुलना केली जाते, ते भूप्रदेशाच्या दृष्टीने एकच नसतात.

साध्या मजकुरातील संदर्भपद्धती

संगणकावर या प्रश्नाचा विचार प्रथम बेल प्रयोगशाळेत झाला. माइक लेस्क यांच्या १९७८ मधील 'रेफर' या आज्ञावलीत लेखक मजकुरात ग्रंथाच्या ओळखीचे काही शब्द लिहीत असे आणि संपूर्ण नोंद वेगळ्या संचिकेतून घेतली जात असे. १९८५ मध्ये ओरेन पाताश्निक यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक प्रणालीसाठी 'बिबटेक' तयार केले. त्यात प्रत्येक ग्रंथास एक खुणेचा शब्द दिला जातो. मजकुरात केवळ ती खूण येते. ग्रंथाचा सर्व तपशील एकदाच, एकाच ठिकाणी नोंदविला जातो आणि सूचीचे स्वरूप तिसरी संचिका ठरविते. २००६ मध्ये आलेल्या झोटेरो व पॅनडॉक या मुक्त साधनांनी हीच पद्धत मानव्यविद्यांच्या अभ्यासकांपर्यंत आणली.

या पद्धतीत १९१० व १९७७ च्या गॅझेटिअरांना दोन निरनिराळ्या खुणा द्याव्याच लागतात. लेखकाने संदिग्ध राहावयाचे ठरविले तरी त्यास तसे राहता येत नाही. नियतकालिक बदलल्यास सूचीची शैली बदलते, मात्र नोंदीस हात लावावा लागत नाही. सूत्रपाठ व प्रकरणवश यांतील नात्याशी असलेले याचे साम्य सहज लक्षात येते.

देवनागरीतील अडचणी

मराठी अभ्यासकास हा मार्ग दीर्घकाळ सुलभ नव्हता. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी लेखन कृतिदेव, श्री-लिपी अशा टंकांत होत असे. या टंकांत संगणक साठवीत असे ते देवनागरी अक्षर नव्हेच. कृतिदेवातील 'क' प्रत्यक्षात रोमन 'डी' म्हणून साठविला जाई. टंक नसल्यास मजकूर निरर्थक दिसे आणि त्यात शोधही घेता येत नसे. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या तिची किल्ली ठाऊक नसणाऱ्यास अशाच बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडल्यानंतरच त्या अभ्यासकांस खुल्या झाल्या. दोहोंत फरक एवढाच की, सकळ लिपीतील गुप्तता हेतुपूर्वक होती, टंकांतील अनवधानाने आली.

युनिकोडनेही सर्व अडचणी संपल्या नाहीत. 'वऱ्हाड' या शब्दातील ऱ्ह साठविण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. कोणी त्यासाठी 'ऱ' हे स्वतंत्र वर्ण वापरतो, तर कोणी 'र'ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, परंतु साधा शोध घेणाऱ्या संगणकास ते भिन्न वाटतात. परिणामी काळे यांचा १९२४ मधील 'वऱ्हाडचा इतिहास' एकाच सूचीत दोनदा येऊ शकतो किंवा शोधूनही सापडत नाही. वर्णानुक्रमाचेही तसेच आहे. मराठी कोशांत 'क्ष' वर्णमालेच्या अखेरीस येतो. संगणकाच्या केवळ संकेतांकानुसार लावलेल्या क्रमात मात्र 'क्षीरसागर' हे आडनाव 'क'मध्ये जाते. मूळ बिबटेक एका बाइटला एक अक्षर मानीत असे. देवनागरी वर्ण युनिकोडच्या प्रचलित रूपात तीन बाइटांचा असल्याने नावाचे आद्याक्षर काढताना तो तुटत असे. नंतरच्या 'बायबर'सारख्या साधनांनी युनिकोड व भाषानिहाय वर्णक्रम स्वीकारल्याने ही अडचण बरीच दूर झाली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संदर्भाचे मोल त्याच्या सजावटीत नसून त्याच्या स्थैर्यात आहे. मराठी विषयाच्या अभ्यासकाने नोंद युनिकोडमध्ये ठेवावी, 'ऱ्ह'सारख्या अक्षरांची एकच लेखनरीत पाळावी, संपादक व आवृत्तीचे वर्ष नोंदीत अनिवार्य मानावे आणि लीळा वा प्रकरणाचा क्रमांक त्या विशिष्ट आवृत्तीच्या खुणेशीच जोडावा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांमध्ये वऱ्हाडच्या इतिहासावर व महानुभाव साहित्यावर संशोधन होत आहे, तसेच रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. या संशोधनाचा पुढील पिढीस किती उपयोग होईल, हे त्यातील विधानांच्या उगमापर्यंत तिला पोहोचता येते की नाही यावर अवलंबून राहील. म्हाइंभटांनी साक्षीदारांचा शोध घेतला, तो याच जबाबदारीच्या जाणिवेतून.