निशाण राजाचे, आसन संसदेतले: व्हर्नी पिता-पुत्र

१/ ३ नोव्हेंबर १६४०. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने बोलावलेली संसद वेस्टमिन्स्टर येथे भरली. ‘दीर्घ संसद’ ती हीच. बकिंगहॅमशायरमधील क्लेडनच्या व्हर्नी या जमीनदार घराण्यातील पिता-पुत्र तिचे सभासद होते. सर एडमंड विकमचे, तर थोरले चिरंजीव राल्फ एल्सबरीचे.

२/ १६२९ पासून ११ वर्षे राजाने संसदेविना राज्य केले होते. संसदेच्या संमतीवाचून वसूल होणाऱ्या जहाज-कराला न्यायालयात आव्हान देणारा जॉन हॅम्पडन बकिंगहॅमशायरचाच. त्यामुळे सभागृहात तक्रारींचा पूर लोटला.

३/ राल्फ कामकाजाची टिपणे घेत असे. ४ जानेवारी १६४२ रोजी हॅम्पडनसह पाच सभासदांना पकडण्यासाठी राजा स्वतः सभागृहात शिरला. त्या प्रसंगाचे वर्णनही या टिपणांत सापडते.

४/ युद्ध अटळ झाले, तेव्हा राल्फ संसदेच्या बाजूने राहिला. सर एडमंड यांनाही राजाचा पक्ष पटत नव्हता. विशेषतः बिशपांसाठी लढणे त्यांना मान्य नव्हते. तथापि सुमारे ३० वर्षे ज्याचे अन्न खाल्ले, त्याला संकटात सोडणे त्यांना नीचपणाचे वाटले. खाल्ल्या अन्नाला जागून त्यांनी राजाचे निशाण हाती घेतले.

५/ २३ ऑक्टोबर १६४२, एजहिल. सर एडमंड रणांगणावर पडले. शत्रूच्या हाती गेलेले निशाण राजपक्षाने परत मिळवले. त्यांचा देह मात्र सापडला नाही.

६/ पुढच्याच वर्षी कसोटी पुत्राची होती. संसदेने स्कॉटलंडशी केलेल्या धार्मिक कराराची शपथ सभासदांना सक्तीची झाली. राल्फने ती नाकारून फ्रान्स गाठले. १६४५ मध्ये त्याचे सभासदत्व रद्द झाले; जमिनीवर जप्ती आली.

७/ जप्ती उठवण्यासाठी पत्नी मेरी १६४६ मध्ये एकटीच इंग्लंडला परतली. समित्यांचे उंबरठे झिजवून १६४८ च्या आरंभी तिने यश मिळवले. १६५० मध्ये फ्रान्समधील ब्लवा येथे तिचे निधन झाले. राजपक्षात गेलेला राल्फचा धाकटा भाऊ एडमंड १६४९ मध्ये आयर्लंडमधील ड्रॉहडा येथे मारला गेला होता.

८/ राल्फ १६५३ मध्ये मायदेशी परतला आणि १६८० च्या दशकात बकिंगहॅमचा प्रतिनिधी म्हणून पुन्हा संसदेत बसला. पित्याने न पटणाऱ्या पक्षासाठी प्राण दिले. पुत्राने पटलेल्या पक्षाचीही शपथ घेतली नाही. क्लेडनला जपलेली या घराण्याची हजारो पत्रे वाचताना ‘राजा विरुद्ध संसद’ ही सरळ विभागणी अपुरी पडते, ती यामुळेच.