मोदकाच्या कळ्या

माझ्या मावसबहिणीकडे न्यू जर्सीत एक कुत्रा होता. नाव मोदक. आमच्या घरातल्या बऱ्याच जणांनी त्याला फोटोत पाहिलंय. अंगभर चुण्या, बसकं रुंद मुस्कट, इवलेसे कान आणि सगळ्या जगावर रुसल्यासारखा चेहरा. "हा कुत्रा वाढला नाही का अजून अंगरख्याच्या मापाचा?" असं आमच्या मामांनी विचारलं होतं, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. :) जात शार-पेई. २०१२ साली मी तिच्याकडे दीड महिना राहिलो तेव्हा मोदक तीन वर्षांचा होता, आणि त्याची देखभाल बऱ्यापैकी माझ्याकडे आली. त्या दीड महिन्यात पडलेल्या एका प्रश्नामागे मी पुढे बरीच वर्षं वाचत राहिलो. प्रश्न साधा होता: ह्या सुरकुत्या आल्या कुठून?

शार-पेई मूळचा दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातला. कँटोनीज भाषेत ह्या नावाचा अर्थ होतो 'वाळूची कातडी'. नाव पडलं ते सुरकुत्यांवरून नव्हे, केसांवरून. आखूड, ताठ, खरखरीत केस. उलट्या दिशेने हात फिरवला की पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं वाटतं. (मोदकला मी पहिल्या दिवशी कुरवाळलं आणि मनगटावर लालसर पुरळ आलं. बहीण म्हणाली, "दादा, सगळ्यांना येतं. दोन दिवसांत जाईल." गेलं.)

हान राजवटीतल्या, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत भाजलेल्या मातीचे कुत्रे सापडतात. चौकोनी बांधा, वळलेली शेपटी, कपाळावर आठ्या. हेच शार-पेईचे पूर्वज, असं हौशी मंडळी छातीठोकपणे सांगतात. मला हा पुरावा जरा पातळ वाटतो. मातीच्या कुत्र्याच्या कपाळावर आठ्या काढायला कुंभाराला काही विशिष्ट जात लागत नाही. एवढं मात्र खरं की निळी-काळी जीभ ही खूण शार-पेई आणि चाऊ-चाऊ ह्या दोनच चिनी जातींत ठळक दिसते, तेव्हा दोघांचं काही जुनं नातं असावं.

दक्षिणेतल्या खेड्यांत हा शेतकऱ्याचा कुत्रा होता. घर राखायचं, डुकरांवर लक्ष ठेवायचं, शिकारीला जायचं. पुढे त्याला झुंजीत उतरवलं गेलं, आणि सैल कातडीचं नेहमीचं स्पष्टीकरण तिथलंच आहे. समोरच्याने लचका धरला तर तोंडात नुसती कातडी येते, आणि हा आतल्या आत वळून उलट चावू शकतो. गोष्ट पटण्यासारखी आहे. पण त्या जुन्या कुत्र्यांचे फोटो पाहिले की लक्षात येतं, त्यांच्या अंगावर सुरकुत्या फार नव्हत्याच. कपाळावर थोड्या, मानेवर थोड्या, खांद्याशी एखादी वळी. बाकी अंग चांगलं घट्ट. मोदकशेजारी असा कुत्रा उभा केला तर दोघं एका जातीचे आहेत हे कुणाला सांगून पटणार नाही.

१९४९ नंतर चीनमध्ये कुत्रा पाळणं ही चैन ठरली. कर लागले, बंदी आली, कुत्रे मारले गेले. शार-पेई उरला तो मुख्यतः हाँगकाँगमध्ये आणि आसपास, तोही मोजका. तिथल्या केनेल क्लबनेही १९६८ च्या सुमारास त्यांची नोंदणी थांबवली. जात संपल्यातच जमा होती.

इथे ह्या कथेतला माझा आवडता माणूस येतो. मॅटगो लॉ. हाँगकाँगचा, कुत्र्यांचा हौशी. त्याने आणि त्याच्या मित्रांनी उरलेसुरले कुत्रे शोधून त्यांची पैदास सुरू केली. पण त्याला धास्ती होती की हाँगकाँग उद्या चीनच्या ताब्यात गेलं तर हेही कुत्रे जातील. म्हणून १९७३ साली त्याने 'डॉग्ज' नावाच्या अमेरिकन मासिकातून तिकडच्या वाचकांना साद घातली: आमचे हे कुत्रे वाचवा. इंटरनेट नव्हतं, फोन परवडत नव्हता. एका मासिकातला एक लेख, बस्स. त्यावर शेकडो पत्रं येतील असं त्यालाही वाटलं नसणार. आली. द्यायला तेवढे कुत्रे मात्र नव्हते.

जे गेले ते थोडेच, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं आपसांत नातं. आज अमेरिकेत दिसणारे बहुतेक शार-पेई ह्या मूठभर कुत्र्यांचे वंशज. आपल्याकडे सगोत्र म्हणून लग्नं मोडतात; इथे सगोत्राशिवाय पर्यायच नव्हता. १९७४ साली तिकडच्या हौशींचा क्लब निघाला. १९७८ साली गिनेसच्या पुस्तकात 'जगातला सर्वांत दुर्मीळ कुत्रा' म्हणून नाव आलं. आणि अमेरिकेत एकदा एखादी गोष्ट दुर्मीळ आहे असं कळलं की ती दुर्मीळ राहत नाही. १९८३ साली नीमन मार्कस ह्या बड्या दुकानाच्या नाताळच्या कॅटलॉगमध्ये शार-पेईची पिल्लं होती, 'त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी' अशी जोडीने. किंमत प्रत्येकी दोन हजार डॉलर. चिनी खेड्यात डुकरं राखणाऱ्याचा नातू परफ्युम आणि फरकोटांच्या पानांशेजारी जाऊन बसला. १९९१ साली अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली.

आता, कॅटलॉगमध्ये काय खपतं? पिल्लू. आणि पिल्लाच्या अंगावर सुरकुत्याच सुरकुत्या असतात. लोकांना त्याच हव्या होत्या, मोठेपणीही. त्यामुळे ज्यांच्या अंगावर जास्त वळ्या, ज्यांचं मुस्कट जास्त मांसल, त्यांचीच पुढची वीण. ह्या जाड्या तोंडाच्या प्रकाराला इंग्रजीत चक्क 'मांसमुख्या' म्हणतात आणि जुन्या, घट्ट अंगाच्या प्रकाराला 'हाडमुख्या'. गंमत म्हणजे अमेरिकन क्लबच्या लेखी नियमांतही मोठ्या कुत्र्याला सुरकुत्या फक्त डोकं, मान आणि खांद्यांपुरत्या असल्या तरी चालतं असं आहे. पण कागदावरचा कुत्रा वेगळा आणि बाजारातला वेगळा.

मोदक बाजारातला होता.

त्याची रोजची सरबराई सांगतो. सकाळी ओल्या फडक्याने सगळ्या वळ्यांच्या आतून पुसायचं, आणि मग (हे महत्त्वाचं) कोरड्या फडक्याने पुन्हा. ओल राहिली की त्या घडीत बुरशी धरते, लाल होतं, वास येतो. आधीच्या वर्षी मावशी तिकडे गेली होती तेव्हा तिने नातवाला लावावं तसं मोदकला प्रेमाने खोबरेल तेल चोळलं होतं, सगळ्या वळ्यांत. पुढचे तीन आठवडे औषधी शाम्पूने आंघोळी. कान इतके छोटे आणि कानाची नळी इतकी अरुंद की आत वारा जात नाही, म्हणून आठवड्याला कान साफ. ओठाखाली, हनुवटीला जेवणानंतर पुसणं. उन्हात फिरवायचं नाही.

डोळ्यांचं तर लहानपणीच झालं होतं. शार-पेईच्या पिल्लांचे डोळे उघडले की कपाळाच्या कातडीच्या भाराने पापण्या आत वळतात आणि पापणीचे केस बुबुळावर घासत राहतात. वेळीच लक्ष दिलं नाही तर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या पापण्यांना वर ओढून तात्पुरते टाके घालतात. तीन आठवड्यांचं पिल्लू, ज्याने जग नुकतं पाहायला सुरुवात केलीय, आणि त्याच्या डोळ्यांना टाके. मोदकला दोनदा घातले होते. बहिणीला विकताना ब्रीडरने हे "सगळ्यांनाच करतात" म्हणून सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, हाच तर त्रास आहे.

एका रात्री मोदक जेवला नाही. कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून उभा राहिला, बसेना. हात लावला तर अंग तव्यासारखं. मागच्या डाव्या पायाचा घोटा सुजून टम्म. बहिणीने थर्मामीटर काढला: १०६. कुत्र्यांचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, आपल्यापेक्षा जास्तच, पण १०६ म्हणजे फार. मी बॅगेतून तापाची गोळी काढायला धावलो. "दादा, अजिबात नाही!" ती ओरडली. माणसांच्या साध्या गोळ्या कुत्र्याचा जीव घेऊ शकतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पूर्वीच देऊन ठेवलेलं औषध किती द्यायचं ते विचारलं, ओल्या टॉवेलवर त्याला निजवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप आपोआप उतरला आणि मोदक काहीच न झाल्यासारखा पोळी मागायला आला. तिला ह्या सगळ्याची सवय होती. तो ताप वर्षातून चार-पाचदा यायचा. आला की दिवस-दीड दिवस राहायचा आणि जायचा. ह्याला शार-पेईचा ताप असंच नाव आहे. जंतू नाही, साथ नाही. शरीर स्वतःच पेटतं.

ह्या तापाचा उलगडा २०११ साली झाला, म्हणजे माझ्या त्या मुक्कामाच्या आदल्याच वर्षी. स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी शार-पेईची जनुकं तपासली. कातडीत हायल्युरोनन नावाचा एक चिकट, पाणी धरून ठेवणारा पदार्थ असतो. तुमच्या-माझ्याही असतो. शार-पेईत तो प्रमाणाबाहेर तयार होतो. त्यानेच कातडी फुगते आणि घड्या पडतात. टाचणीने टोचलं तर मधासारखा तार धरणारा द्राव येतो. हा पदार्थ बनवणाऱ्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक तुकडा, सुमारे सोळा हजार अक्षरांचा, मांसमुख्या शार-पेईत पुन्हा पुन्हा आलेला सापडला. पोथीची नक्कल करताना लेखनिकाने एकच ओवी चार-पाचदा उतरवावी तसा. आणि ज्या कुत्र्यांत ह्या नकला जास्त, त्यांना तापाचा धोकाही जास्त. सुरकुती आणि ताप एकाच ओवीत होते. हायल्युरोननचे तुकडे पडले की शरीराला ते संकटाची घंटा वाटतात, आणि ते लढाईला उभं राहतं, असा त्यामागचा अंदाज. नंतरच्या काळात दुसऱ्या एका जनुकाकडेही बोट दाखवलं गेलंय, तेव्हा प्रकरण पूर्ण मिटलेलं नाही.

(अवांतर: हाच हायल्युरोनन माणसं इंजेक्शनने चेहऱ्यात भरून घेतात. सुरकुत्या घालवायला.)

म्हणजे सुरकुत्या निवडताना लोकांनी न कळत ताप निवडला होता. मुद्दाम कुणी केलं नाही. मॅटगो लॉने तर नाहीच, त्याने जात वाचवली. आणि कॅटलॉग चाळून पिल्लू मागवणाऱ्या बाईनेही नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं पिल्लांच्या पापण्यांना टाके घातले आणि पुढच्या विणीला पुन्हा तेवढाच सुरकुतलेला नर निवडला, त्यांना मी इतक्या सहज सोडणार नाही. ताप १९९० च्या आसपास वैद्यकीय नियतकालिकांत आला होता. जनुक माहीत नव्हतं, पण डोळे तर दिसत होते.

खरं भय तापाचं नाहीच. दर तापात रक्तात काही प्रथिनं वाढतात, आणि त्यांचा न विरघळणारा गाळ, अमायलॉइड, मूत्रपिंडात साचत जातो. ताप उतरतो, गाळ राहतो. माणसांतही अगदी असाच एक आजार आहे, भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांत, आनुवंशिक. त्यावर १९७२ सालापासून कोल्चिसीन नावाचं औषध देतात. तेच शार-पेईला देतात. मोदकलाही रोज सकाळी चीजच्या तुकड्यातून ही गोळी असायची. कोल्चिसीन म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातलं विष. ते लाल-पिवळं, ज्वाळेसारखं फूल पाहून लहानपणी आजी ओरडायची, "हात लावू नकोस, विषारी आहे!" आणि तेच तिकडे, बर्फात, एका चिनी कुत्र्याचं मूत्रपिंड राखत होतं.

काही वर्षं राखलं. दर तीन महिन्यांनी लघवीत प्रथिनं जातात का ते तपासायचे. २०१५ च्या मार्चमध्ये ती गेली असल्याचं आढळलं, आणि मग पुढचं फार भराभर झालं. पाणी खूप प्यायला लागला, मग खाणं सुटलं. मोदक सहा वर्षांचा होऊन गेला. बहिणीने फोनवर फक्त इतकंच सांगितलं, "दादा, आज गेला," आणि मग आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

गेल्या वर्षी तिच्या मुलीने पुन्हा शार-पेईचा हट्ट धरला. आता त्या नकला किती आहेत ते मोजणारी तपासणी मिळते, आणि काही ब्रीडर जुन्या हाडमुख्या वळणाच्या कुत्र्यांकडे परतले आहेत. बहिणीने ब्रीडरला पिल्लाच्या आईबापांच्या मूत्रपिंडाचे अहवाल आणि त्यांना ताप येतो का ते विचारलं. त्या ब्रीडरने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने दिलं, अहवालासकट, आणि वर लिहिलं की ह्या पिल्लांना मोठेपणी सुरकुत्या फारशा राहणार नाहीत, तेवढं आधी सांगितलेलं बरं.

पिल्लू आलंय. फोटो पाठवला होता तिने. नाव अजून ठरायचंय. मोदक पुन्हा ठेवायचं नाही एवढं ठरलंय.